आठल्ये बाईंचा अभिप्राय

पाकीट फोडलं आणि आतून माझाच लेख निघाला.

आधी वाटलं, साभार परत आला. मग वरचं पत्र वाचलं.

'डॉ. वृंदा आठल्ये यांस, स. न. वि. वि. सोबतचा लेख "पुरावा" त्रैमासिकाकडे प्रसिद्धीसाठी आला आहे. आमच्या प्रथेनुसार लेखकाचे नाव गुप्त ठेवले आहे. आपण या विषयातील अधिकारी व्यक्ती असल्याने परीक्षक म्हणून आपला अभिप्राय कळवावा.'

अधिकारी व्यक्ती त्या वेळी एका हातात झारा धरून ओट्याशी उभी होती आणि कढईतली भजी करपत होती.

"सुहास," मी नवऱ्याला हाक मारली, "माझा लेख तपासायला माझ्याकडेच आलाय!"

सुहास आत आला. त्यानं आधी गॅस बंद केला, मग पत्र वाचलं, आणि मग तो जो हसत सुटला तो खाली बसूनच.

"यात चूक तुझीच आहे," मी म्हणाले. "तूच नाव बदललंस."

आणि ते खरं होतं. माहेरची मी वृंदा आठल्ये. पण सुहासच्या मोठ्या वहिनीचं नावही वृंदा. एका घरात दोन वृंदा नकोत म्हणून लग्नात त्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'शर्वरी' लिहिलं आणि मी उखाणा घेऊन शर्वरी पाटणकर झाले. पीएच.डी. आठल्येची, रेशनकार्ड पाटणकरचं. हा लेख मी नव्या नावानं पाठवला होता. 'पुरावा'च्या संपादक गलगले बाई आठल्येला प्रबंधामुळे ओळखत होत्या आणि पाटणकरला पाकिटामुळे. दोघींना समोरासमोर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आठल्येचा त्यांच्याकडचा पत्ता साताऱ्याचा, म्हणजे माझ्या माहेरचा. बाबांनी ते पाकीट मेतकुटाच्या डब्याबरोबर कराडला आमच्याकडे पाठवून दिलं होतं.

पण बाईंनी लेख आठल्येकडेच का पाठवावा? त्याचं उत्तर पत्राच्या मागे जोडलेल्या कागदावर होतं. 'पुरावा'चा नियम असा की प्रत्येक लेख दोन जाणकारांकडे जायचा. लेखकाला परीक्षक कळायचा नाही, परीक्षकाला लेखक. दोघांनी होकार दिला तर लेख छापायचा. पहिल्या परीक्षकाचं मत आलेलं होतं, आणि ते बाईंनी टाइप करून सोबत लावलं होतं.

'लेखक कोणी नवखा, उतावळा माणूस दिसतो. चिंचघोलच्या वीरगळांवर डॉ. आठल्ये यांनी केलेल्या कामाच्या तोडीचे काम गेल्या पिढीत झालेले नाही. नाल्यात सापडलेल्या एका दगडाच्या जोरावर ते खोडून काढणे हा उद्धटपणा आहे. लेख स्वीकारू नये. संपादकांना शंका असल्यास त्यांनी खुद्द आठल्ये यांनाच विचारावे.'

खाली दोन ओळींवर जाड काळी शाई फिरवलेली. परीक्षकाची ओळख पटेल असं काही दिसलं की गलगले बाई काळं पेन घेऊन बसत, हे आमच्या सगळ्या वर्तुळाला ठाऊक होतं. मी कागद खिडकीशी धरून पाहिला. काही म्हणजे काही दिसलं नाही.

"तुझी एवढी स्तुती कुणी केली होती का गं आजवर?" सुहासनं विचारलं.

"कुणीच नाही."

"मग तोंड का पाडलंयस?"

तोंड पाडायला कारण होतं. ज्या कामाची स्तुती चालली होती ते काम चुकलेलं होतं, आणि ते मीच या लेखात म्हटलं होतं.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड. खाली लढाई, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शंकराची पिंडी. वारणेच्या खोऱ्यातल्या चिंचघोल गावी असे पुष्कळ दगड ओळीनं उभे आहेत आणि प्रत्येकावर खाली गायी कोरलेल्या आहेत. पीएच.डी. करताना मी दोन उन्हाळे तिथे दगडांचे कागदावर ठसे घेत काढले. माझे मार्गदर्शक नाईकवडे सर पारावर पेपर वाचत बसलेले असायचे. सगळ्या दगडांवर गायी, तेव्हा गावाची गुरं पळवणाऱ्यांशी एकच मोठी लढाई झाली आणि हे सगळे वीर त्याच दिवशी पडले, असा निष्कर्ष मी काढला. सरांनी प्रबंधावर 'ठीक' एवढंच लिहिलं. सरांच्या तोंडून त्याहून मोठा शब्द मी कधी ऐकला नाही. पण लढाई मात्र त्यांनी उचलून धरली. महाराष्ट्रभर तिच्यावर व्याख्यानं दिली. गावानं वीरांच्या नावानं कमान बांधली आणि दर वर्षी जत्रेत सरांचं भाषण ठेवलं.

मग एका वर्षी नाल्याची दरड कोसळली. विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे गेले होते. दरडीखालून एक दगड बाहेर आला होता. पिंडी कोरलेली, अप्सरा कोरलेल्या, गायीसुद्धा. फक्त वीराची जागा गुळगुळीत कोरी. म्हणजे पाथरवट हे दगड आधीच घडवून ठेवत. गिऱ्हाईक आलं की वीर तेवढा कोरून द्यायचा. छापील लग्नपत्रिकेत नावापुरती जागा मोकळी सोडतात ना, तसं. गायी सगळ्यांवर होत्या कारण त्या नमुन्यातच होत्या. माझी लढाई गेली नाल्यात.

हे सगळं लेखात लिहिताना मला स्वतःविषयीच तिऱ्हाइतासारखं लिहावं लागलं, कारण नाव गुप्त ठेवायचं होतं. 'आठल्ये यांनी हा निष्कर्ष घाईने काढलेला दिसतो,' असं मी पान चारवर ठोकून दिलं होतं. लिहिताना जरा मजाही वाटली होती. आता मजा संपली. कॉलेजात मी तासांवर शिकवत होते, कायम जागेची मुलाखत पुढच्या महिन्यात होती, आणि परीक्षण होऊन लेख स्वीकारल्याचं पत्र नसेल तर फाइल टेबलावरसुद्धा येणार नाही असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. पहिला परीक्षक नाही म्हणाला होता. दुसरी परीक्षक मी.

सुहासनं अभिप्रायाचा कागद टेबलावर पसरला. "बस. लिही. लेखाची भाषा कशी आहे?"

"उत्तम," मी म्हणाले.

"उत्तम नको, बरी लिही. संशय येईल. मांडणी?"

"सुहास, असं नाही करता येत."

"का? आठल्ये बाईंना विचारलंय की त्यांचं चुकलं का. आठल्ये बाईंना मान्य आहे ना, की चुकलं?"

"मान्य आहे."

"मग त्यात खोटं काय?"

वकिलाचा मुलगा तो. पेन उघडलं, नाव लिहिलं, 'वृंदा आठल्ये', बऱ्याच वर्षांनी, आणि तिथेच हात अडला.

"खोटं काही नाही," मी शेवटी म्हणाले. "पण मागे एकदा मी माझ्याच डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि एक अख्खी लढाई उभी केली. या वेळी दुसऱ्या कुणाचे तरी डोळे हवेत. नाहीतर उद्या आणखी एक दगड सापडायचा."

सुहासनं अभिप्रायाचा कागद घडी करून पाकिटात घातला. मग म्हणाला, "सांगलीची गाडी सकाळी साडेआठला आहे."

गलगले बाई कॉलेजातून निवृत्त होऊन सांगलीत राहत. पुढच्या खोलीत 'पुरावा'चं कार्यालय, मागच्या खोलीत संसार. दार त्यांनीच उघडलं. पांढरं पातळ, हातात ते प्रसिद्ध काळं पेन.

"नमस्कार, मी डॉ. आठल्ये. तुम्ही लेख पाठवला होता..."

"परीक्षकानं संपादकाला भेटायला यायचं नसतं," बाई दारातच म्हणाल्या. "जे काय असेल ते लेखी कळवा."

"बाई, पण मी परीक्षक नाहीये. मी त्या लेखाची लेखक आहे."

"लेखकानं तर मुळीच यायचं नसतं!"

"मी दोन्ही आहे."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. बहुधा उन्हाचा परिणाम वाटला असावा, कारण त्यांनी मला आत घेऊन आधी पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. वहिनींचं नाव, ताटातले तांदूळ, साताऱ्याचा पत्ता. ऐकता ऐकता बाईंनी चष्मा काढला, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता हसायची त्यांची सवय होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"इतकी वर्षं मी नावं खोडतेय," त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "पण सासरच्यांनी खोडलेलं नाव माझ्या लक्षात नाही आलं."

मग त्या पुन्हा संपादक झाल्या.

"आता असं बघा. आठल्येंचं मत बाद. पहिला नकार तसाच उभा. दुसरा परीक्षक शोधायचा तर महाराष्ट्रात वीरगळांवर अधिकारानं बोलणारी चार-पाच माणसं. त्यातल्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, एक परदेशात. तुमची मुलाखत कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"हं." त्यांनी पहिल्या परीक्षकाचा कागद पुढे ओढला. "यांचा राग लेखावर नाहीच आहे. पुराव्याबद्दल यांनी अवाक्षर काढलेलं नाही. यांचा राग आहे तो कुणीतरी उपटसुंभ आठल्येवर चालून आला याचा. लेखक कोण ते कळलं तर ते पुन्हा शांतपणे वाचतील. लेखकाचं नाव लेखकाच्या संमतीनं सांगता येतं. परीक्षकाचं मात्र मी मेले तरी सांगणार नाही. देता संमती?"

"देते. फक्त एक विनंती आहे. ही गोष्ट कोल्हापूरच्या नाईकवडे सरांच्या कानावर जाऊ नये."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "का?"

"ते माझे मार्गदर्शक. ती लढाई त्यांनी गावोगाव सांगितलीय. कमान आहे तिच्या नावाची. मला त्यांना सांगायचा धीर झालेला नाही."

"लेख छापून आल्यावर त्यांना कळलंच असतं की."

"तोवर नोकरी लागली असती, बाई."

"म्हणजे ते तुमची नोकरी घालवतील अशी भीती आहे?"

"नाही हो. ते बोलायचे बंद होतील." हे म्हणताना माझा आवाज फुटला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. एवढी घोडी झालेली बाई, कराडहून उठून सांगलीला रडायला आलेली.

बाई आत गेल्या आणि बशीत लाडू घेऊन आल्या. मग म्हणाल्या, "इथूनच कोल्हापूरला जा. आजच."

"आजच?"

"माझं पत्र उद्या टपालात पडेल."

"त्याचा काय संबंध?"

"काही नाही. मी आपली माझी कामं सांगतेय."

मला काहीच उमगलं नाही. घाबरलेला माणूस मठ्ठ होतो हेच खरं. मी संमतीवर सही केली, दोन्ही नावांची, आणि कोल्हापूरची एस.टी. धरली.

नाईकवडे सर पडवीत शेंगा फोडत बसले होते. समोर सूप, शेजारी टरफलांचा ढीग.

"ये की आठल्ये! कवा आलीस? बस."

सर विद्यार्थ्यांना आडनावानंच हाक मारत. लग्न होवो, मुलं होवोत, आडनाव पहिलंच.

मी बसले. वाटेत जुळवलेली सगळी प्रस्तावना विसरले आणि एकदम बोलले, "सर, चिंचघोलची लढाई झालीच नाही."

शेंग फुटायची थांबली. "कोण म्हणतंय?"

"मी म्हणतेय."

"तूच म्हणालीस की झाली म्हणून!"

"तेव्हा म्हणाले. आता नाही म्हणते."

मी नाल्यातल्या दगडाचं सांगितलं. सरांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, अगदी प्रबंधाच्या वेळी विचारायचे तसे.

"दगड वरनं वाहून आला असंल."

"तेच आधी तपासलं. शेजारी छिन्नीच्या कपच्यांचा थर आहे, सर. तिथेच घडवत होते."

"गायी कशा हाईत? आपल्यासारख्याच?"

"त्याच. मान वळवलेली गायसुद्धा तशीच, तिसरी."

"आन् वीर?"

"वीर नाहीच. कोरी जागा."

सरांनी हातातली शेंग बोटांत फिरवली. "म्हणजे तयार माल," ते म्हणाले.

"हो, सर."

"हे लिवलंस कुठं?"

"'पुरावा'ला पाठवलंय."

त्यांच्या बोटांतली शेंग सुपात पडली. "कुणाच्या नावानं?"

"माझ्याच. पाटणकर. म्हणजे सासरचं."

"तू पाटणकर हाईस व्हय?"

"लग्नाला आला होतात की, सर. जिलबी आवडली म्हणालात."

"जिलबी आठवती. नाव कोण ध्यानात ठेवतंय!" ते माझ्याकडे टक लावून पाहत होते. "मग? परीक्षक काय म्हणला?"

"फार वाईट बोललाय, सर. नवखा, उतावळा, उद्धट."

सरांनी मूठभर शेंगा उचलल्या आणि भराभर फोडायला लागले. "असत्यात एकेक शहाणे," ते म्हणाले, आणि तडक उठून आत गेले.

खूप वेळ आले नाहीत. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, खाकरल्याचा आला. मी पडवीत बसून माझं भविष्य बघत होते. वाटलं, आता काकूच बाहेर येतील आणि सांगतील, ह्यांना बरं नाही, तू जा. पण सरच आले. तोंड धुतलेलं, मिशांवर पाणी. खांद्यावरच्या टॉवेलनं ते पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"कमानीचं काय करायचं, सर?" मी विचारलं.

"कमान गावाची हाय. मेलेली माणसं खरीच हाईत की. एका दिवशी नाही मेली, एवढंच." मग बसले आणि म्हणाले, "छापून आलं की अंक घिऊन ये."

"सर, तुम्ही रागावला नाहीत ना?"

"आठल्ये, गाडी चुकंल तुझी."

एवढंच. पण रागावलेल्या माणसानं परत निघताना पिशवीत शेंगा भरून दिल्या नसत्या. त्या संध्याकाळी एस.टी.त मला उभं राहावं लागलं आणि तरी मी मनातल्या मनात गुणगुणत होते. लेखाचं काय व्हायचं ते होवो. मनावरचा धोंडा उतरला होता.

मुलाखतीच्या आठवड्यात 'पुरावा'चं पाकीट आलं. या वेळी पत्ता बरोबर होता: 'डॉ. शर्वरी पाटणकर, म्हणजेच डॉ. वृंदा आठल्ये.' सुहास म्हणाला, "फोड." मी म्हणाले, "तू फोड." शेवटी त्यानंच फोडलं आणि चेहरा गंभीर करून वाचायला लागला. त्याच्या असल्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही हे मी शिकले होते, तरी मी टाचा उंचावून पत्रात डोकावत होते.

'आपला लेख स्वीकारण्यात आला आहे.'

मी मटकन खाली बसले. सुहासनं पत्र माझ्या डोक्यावर ठेवलं आणि सासूबाईंना ओरडून सांगितलं की साखर काढा. मी हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

साखर खाऊन झाल्यावर मी जोडलेले कागद पाहिले. बाईंनी शोधलेल्या नव्या परीक्षकाचा होकार एका ओळीत आटोपला होता. पहिल्या परीक्षकानं मात्र पुन्हा लेख वाचून नवीन मत पाठवलं होतं.

'पूर्वीचा अभिप्राय मागे घेतो. लेखकाने दिलेला पुरावा निर्विवाद आहे. लेख अवश्य छापावा. कोऱ्या दगडाचे छायाचित्र पूर्ण पानभर द्यावे. एकच दुरुस्ती. पान चारवर डॉ. आठल्ये यांनी निष्कर्ष "घाईने" काढल्याचे म्हटले आहे. तो शब्द काढावा. त्यांनी घाई केलेली नव्हती.'

आणि पुढे बाईंची काळी रेघ. पण ही रेघ मागच्यासारखी नव्हती. तिथे त्यांनी शाई दोनदोनदा गिरवली होती. इथे पेन एकदाच फिरवलेलं, तेही हलक्या हातानं. गलगले बाईंसारख्या बाईकडून असं काम चुकून होत नाही.

मी कागद खिडकीशी धरला. शाईखालची अक्षरं दिसली.

'दोन्ही उन्हाळे मी त्या पारावर बसलो होतो. तिला जे दिसले तेच मलाही दिसले होते.'

सुहास मागून विचारत होता, काय झालं, काय लिहिलंय. मी कागद त्याच्या हातात दिला. ज्यांच्या भीतीनं मी इतके दिवस तोंड लपवत होते, ते माझ्या बाजूनं माझ्याशीच भांडत होते. आणि समोर बसून मी त्यांना सांगून आले होते की परीक्षक फार वाईट बोलला.

तो शब्द मी त्याच दिवशी काढला.

मुलाखत झाली, जागा मिळाली, अंक आला. तो घेऊन मी कोल्हापूरला गेले. सरांनी छायाचित्राचं पान निरखून पाहिलं. मग पान चार उघडलं, चष्मा वर सरकवून एकेका ओळीवरून बोट फिरवलं, आणि शब्द गेल्याची खात्री करून अंक मिटला.

"ठीक," ते म्हणाले.

"सर," मी शक्य तितक्या साळसूदपणे विचारलं, "परीक्षक कोण असेल हो?"

सरांनी शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं.

"ते विचारायचं नसतं, आठल्ये."